बोट हाताने सरळ होतंय तोवर

अंगठा वाकडा व्हायला लागला म्हणून मला बोलावणारी माणसं आजवर फार थोडी भेटली. बोलावणं येतं ते गुडघ्यासाठी, कंबरेसाठी, खुब्याच्या ऑपरेशननंतर चालवून घ्यायला. मी पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. सदाशिव, नारायण, कसबा पेठेतले वाडे, त्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती, मग कोथरूड, धनकवडी, हडपसर असा पंचवीसेक वर्षांचा हा फेरा आहे. गुडघा तपासायला पेशंटला पलंगाच्या कडेला बसवलं की पाय समोर येतात. अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकलेला, त्याच्या मुळाशी आतल्या बाजूला लालसर उंचवटा, दुसरं बोट पेरात वाकून वर आलेलं, चवड्याखाली जाड झालेली कातडी. "हे कधीपासून?" असं विचारलं की उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. "ते होय! ते फार वर्षांचं आहे. आमच्या आईचंही असंच होतं."

आईचंही असंच होतं, हे खरंच असतं. पायाची ठेवण, सांध्यांचा सैलपणा, तळव्याची कमान हे घराण्यातून येतं, आणि बायकांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त दिसतो. पण त्या उत्तरात एक हार मानलेली असते, ती मला सोसत नाही. आईकडून ठेवण आली, चप्पल आईकडून आलेली नसते. दिवसाचे आठ-दहा तास उभं राहणं आईकडून आलेलं नसतं. आणि बहुतेकींना हे सांगणारं कुणी वेळेवर भेटलेलं नसतं.

लोक याला "हाड वाढलंय" म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नवं हाड फारसं वाढलेलं नसतं. एका पावलात २६ हाडं असतात. त्यातलं अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं, अंगठा उलट करंगळीच्या दिशेने वळतो, आणि दोघांच्या मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. तो चपलेला घासतो, सुजतो, दुखतो. एक्स-रेमध्ये या दोन हाडांमधला कोन १५ अंशांपेक्षा जास्त झाला की डॉक्टर त्याला विकृती म्हणतात, ४० च्या पुढे गेला की तीव्र. अंगठा आत आला की शेजारच्या बोटाला जागा उरत नाही, मग ते वर उचललं जातं आणि पेरात वाकतं. अंगठ्याने पेलायचा भार दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाशी जातो, तिथे कातडी जाड होते, कुरूप होतं, आणि संध्याकाळी चवड्यात आग पडते.

मी एक साधी तपासणी करते. वाकडं बोट हाताच्या चिमटीत धरते आणि हलकेच सरळ करून पाहते. सरळ झालं तर सांधा अजून मऊ आहे आणि घरी करण्यासारखं पुष्कळ काही आहे. सरळ होईना, सांधा आखडलेला असला, तर व्यायामाने तो उलगडणार नाही. तिथे चप्पल बदलून घासणं थांबवायचं आणि दुखणं फार असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचं. मऊ आणि आखडलेला या दोन अवस्थांमध्ये कधी कधी कैक वर्षं जातात. दुखत नाही म्हणून ती वर्षं तशीच निघून जातात.

कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकांनी माझ्यासमोर एक खण उघडला होता. त्यात बोटांमध्ये घालायचे सिलिकॉनचे तुकडे, रात्री अंगठ्याला बांधायची पट्टी, स्क्रू फिरवून अंगठा ओढून धरणारा एक साचा, तीन-चार तऱ्हेचे मोजे, सगळं ऑनलाइन मागवलेलं. जाहिरातीत आधी वाकडा आणि नंतर सरळ असे दोन फोटो असतात. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता, यातलं कशाने हाड जागेवर जाईल? मी त्यांना जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. मोठ्या माणसाचं सरकलेलं हाड पट्टीने कायमचं जागेवर जात नाही. पट्टी बांधलेली असते तोवर अंगठा सरळ दिसतो, सोडली की पुन्हा वळतो. मऊ सिलिकॉनचा तुकडा मात्र उपयोगी आहे, कारण त्याने दोन बोटांचं एकमेकांवर घासणं थांबतं. तोही रुंद चपलेतच वापरायचा. अरुंद बुटात आधीच जागा नाही, तिथे आणखी एक वस्तू कोंबली की शेजारचं बोट जास्त चेपतं. त्या बाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे दुखणं जाऊ शकतं, पण वाकडेपणा राहणार." हो. पुढे वर्षभरात त्यांचं दुखणं खरोखरच बरंच कमी झालं. अंगठा होता तसाच आहे आणि त्या रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतात. ऑपरेशनही दुखण्यासाठी करावं, दिसण्यासाठी करू नये, असंच चांगले सर्जन सांगतात. बरं व्हायला आठवडे लागतात, सूज पूर्ण ओसरायला कित्येक महिने.

चपलेकडे बघायला मला शनिपाराजवळ बसणाऱ्या एका गटई कामगाराने शिकवलं. माझ्याच सॅंडलचा पट्टा शिवायला दिला होता. त्यांनी सॅंडल उलटी केली, तळ बघितला आणि माझ्या कोणत्या पायावर जास्त भार पडतो ते न विचारता सांगितलं. मग मी कामाच्या अधेमधे त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. टाच बाहेरून झिजली की काय, आतून झिजली की काय, अंगठ्याखालचा खळगा खोल नसून दुसऱ्या बोटाखालचा खोल असेल तर अंगठा काम करत नाही, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय कळत होतं. बुटात लाकडी फर्मा घालून नेमका उंचवट्याच्या जागी तो सैल करून द्यायचा, शिवण उंचवट्यावर येत असेल तर ती तेवढीच उसवून आतून मऊ चामडं लावायचं, ही कामं ते अगदी थोड्या पैशांत करतात. माझ्या किती तरी पेशंटना महागड्या बुटांआधी मी त्यांच्याकडे पाठवलं. चवड्याखाली दुखत असेल तर आत चिकटवायची गादी दुखऱ्या जागेवर लावायची नसते, तिच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला लावायची असते. म्हणजे हाडांची टोकं उचलली जातात आणि दुखऱ्या जागेवरचा भार कमी होतो. मी हे एकदा समजावून सांगितलं आणि पुढे त्यांनी ती गादी माझ्यापेक्षा नेमकी बसवली.

पेशंटच्या घरी मी एक कागद मागते. कोरा कागद जमिनीवर ठेवून त्यावर पूर्ण भार देऊन उभं राहायचं, दुसऱ्याने पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ काढायची. मग रोजची चप्पल किंवा बूट त्या आकृतीवर ठेवायचा. बहुतेक घरांत पावलाची रेघ बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते. माझं बोलणं तिथे संपतं, कारण मग त्या घरातलं प्रत्येक माणूस आपापले बूट आणून कागदावर ठेवून बघतं. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांत घालून दुकानात चालून बघावं, कारण दोन पाय सारखे नसतात. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी, आणि आतली गादी निघत असेल तर ती काढून तिच्यावर उभं राहून बघावं, बोटं कडेबाहेर जात असतील तर तो बूट परत द्यावा. "वापरून सैल होईल" हे दुकानदाराचं म्हणणं ऐकू नये. बूट सैल होण्याआधी पाय चेपतो. उंच टाच असेल तर शरीराचा भार पुढे सरकतो आणि बोटं अरुंद टोकात आणखी रुततात.

हे सांगणं सोपं आहे हे मला लक्ष्मी रस्त्यावर काम करणाऱ्या एका मुलीने दाखवून दिलं. कपड्यांच्या मोठ्या दुकानात ती विक्रेती होती. काळ्या, बंद, टोकाला निमुळत्या बेली हा गणवेशाचा भाग. सकाळी दहा ते रात्री साडेआठ, जेवणाची सुट्टी सोडली तर उभंच राहायचं, लग्नसराईत आणि दिवाळीत त्याहून जास्त. पंचविशीतल्या त्या मुलीचं दुसरं बोट वर यायला लागलं होतं, चवडा दाबला की डोळ्यांत पाणी. तिला रुंद बूट घाल म्हणणं म्हणजे नोकरी सोड म्हणण्यासारखं होतं. आम्ही एक चिठ्ठी लिहिली, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं, आणि ती मालकांकडे गेली. काळ्याच रंगाच्या, पट्ट्याच्या, पुढून रुंद सॅंडलला परवानगी मिळाली. पुढे काउंटरमागे दोन स्टुलंही आली. तिची गादी, बोटाला खाली धरून ठेवणारी चिकटपट्टी, रात्रीचे व्यायाम हे सगळं त्यानंतर लागू पडलं, त्याआधी पडत नव्हतं.

कारखान्यांत उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये बसण्याच्या सोयीचं कलम होतं. दुकानांतल्या बायका त्यात कुठे होत्या? केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये आपापल्या दुकानविषयक कायद्यांत दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसायला जागा देणं बंधनकारक केलं. केरळात त्यासाठी दुकानांतल्या बायकांनीच आवाज उठवला होता. मला वाटतं, पायांच्या आजारांवर गेल्या काही वर्षांत देशात झालेलं ते सर्वांत चांगलं काम आहे.

व्यायामांबद्दल मी जे शिकले ते मुख्यतः एका घरकाम करणाऱ्या मावशींकडून. जनता वसाहतीतून निघून पाच घरची कामं, फरशी पुसणं उकिडवं बसून. त्या बैठकीत सगळा भार चवड्यावर येतो आणि अंगठ्याचा सांधा पूर्ण मागे वाकतो, त्यामुळे सांध्याचं दुखणं तिथे सगळ्यांत आधी बोलतं. पायात प्लॅस्टिकची ओली चप्पल, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. मी व्यायाम सांगितले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, मला बसायला मिळतं कुठं? तुम्ही मला उभ्यानं करायचं सांगा." तेव्हापासून माझी पद्धत बदलली. दूध उतू जाईपर्यंत ओट्याशी उभं राहताना बोटं न आखडता तळव्याची कमान उचलायची, पाच आकडे मोजून सोडायची. नळाखाली बादली भरेपर्यंत बोटं पंख्यासारखी फाकवायची. बसची वाट बघताना अंगठा जमिनीवर आणि बाकीची चार बोटं वर, मग चार बोटं खाली आणि अंगठा वर. सुरुवातीला अंगठा ऐकत नाही. हाताने धरून शिकवावं लागतं, आठ-दहा दिवसांनी मेंदूला वाट सापडते. रात्री झोपताना दोन्ही अंगठ्यांना एक रुंद रबर बँड घालून टाचा जुळवायच्या आणि चवडे एकमेकांपासून दूर न्यायचे. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, अर्धा मिनिट एक पाय, कारण पोटरी आखडलेली असली की टाच लवकर उचलली जाते आणि भार पुढे पडतो. दुखऱ्या उंचवट्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. एवढंच.

त्या पाच घरांपैकी दोघांनी लांब दांड्याचा पोछा आणला. उरलेल्यांनी आणला नाही. मावशींचा डावा पाय दोन-तीन महिन्यांत बराच हलका झाला. पाय कोरडे करून बेचक्यांत औषध लावल्यावर चिखल्याही गेल्या. त्या मला आजही सांगतात की व्यायामापेक्षा त्या पोछ्यानं जास्त काम केलं. मला ते पटतं.

त्यांच्या दुसऱ्या बोटात जोडवी होती, आणि हा विषय सांगताना मला नेहमी जपून बोलावं लागतं. दुसरं बोट सुजायला किंवा वाकायला लागलं की जोडवं रुततं, खाली वळ पडतो, कधी कातडी फाटते. "काढून ठेवा" असं मी म्हणत नाही. सोनाराकडे जाऊन ते मागून उघडं, सैल करून घ्या म्हणते, किंवा सूज असेपर्यंत तिसऱ्या बोटात घाला. सासूबाईंशी बोलायची वेळ आली तर मी स्वतः बोलते. अजून एकाही सासूबाईंनी नाही म्हटलेलं नाही.

दरवर्षी पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात. त्या दिवसांत मी जमेल तेवढा वेळ वारकऱ्यांच्या पायांसाठी देते. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. पुण्यापर्यंतच फोड आलेले असतात आणि पुढे दिवे घाट उभा असतो. कुणी तेल लावून पाय चेपतं, कुणी फोडांना मलमपट्टी करतं, चप्पल शिवणारे फुकट चपला शिवून देतात. तिथे हजारो पाय एकदम बघायला मिळतात. जन्मभर अनवाणी किंवा उघड्या वहाणेत शेतात राबलेल्या म्हाताऱ्यांचे पंजे रुंद, बोटं सुटी, अंगठा सरळ. टाचांना मात्र खोल भेगा. शहरातून वारीला आलेल्या माझ्या वयाच्या बायकांचे अंगठे आत वळलेले.

हे फक्त माझ्या डोळ्यांचं म्हणणं नाही. १९५८ साली हाँगकाँगमध्ये बूट घालणाऱ्या आणि अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांच्या पायांची तुलना झाली, तेव्हा आत वळलेला अंगठा बूट घालणाऱ्यांत ३३ टक्के आणि अनवाणी लोकांत २ टक्क्यांहूनही कमी आढळला. आपल्याकडे १९९२ मध्ये २,३०० मुलांवर झालेला अभ्यास सपाट पायाबद्दल होता, त्यातही पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के आणि अनवाणी मुलांत २.८ टक्के निघाले. तरी मी कुणाला रस्त्यावर अनवाणी चालायला सांगत नाही. काच, खिळे, तापलेलं डांबर हे सगळं पुण्यात आहे. घरात, स्वच्छ फरशीवर, मुलांनी आणि ज्यांच्या पायाला नीट संवेदना आहे अशा मोठ्यांनी रोज थोडा वेळ अनवाणी चालावं. जूनमध्ये मुलांचे शाळेचे बूट घेताना मोठ्या भावाचे झिजलेले बूट धाकट्याला देऊ नयेत. त्यात मोठ्याच्या पावलाचे खळगे असतात.

आता घरी काय करू नये ते. एका तरुण इंजिनिअरचा अंगठा रात्रीत लालभडक होऊन सुजला, पांघरूणही सहन होईना. घरच्यांनी हाड वाढलं म्हणून तेल चोळलं. तो गाऊट होता, रक्तातल्या युरिक अॅसिडमुळे. एकाएकी आलेली लाली आणि गरम सूज चोळायची नसते, डॉक्टरांना दाखवायची असते. दोन्ही पायांबरोबर हातांची बोटंही सकाळी तासभर आखडत असतील, तर तो संधिवात असू शकतो आणि त्याची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात.

सर्वांत जास्त भीती मला न दुखणाऱ्या पायाची वाटते. शिकत असताना कोंढव्याच्या बांदोरवाला कुष्ठरोग रुग्णालयात बोटं पंज्यासारखी आखडलेले पाय पाहिले होते. नस गेली की बोटांचे छोटे स्नायू जातात, बोटं वळतात, आणि संवेदना नसल्याने जखम झालेली कळतही नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच जगाला दाखवलं, की पाय झडतात ते मांस कुजून नव्हे, वेदना न कळल्यामुळे. त्यासाठी बनवलेल्या मऊ एमसीआर रबराच्या चपला आज मधुमेहाच्या पायांनाही चालतात. खडकीच्या एका निवृत्त कामगारांना मधुमेह होता आणि बोटावर कुरूप होतं. त्यांनी मेडिकलमधून कुरूपावर लावायची पट्टी आणून चिकटवली. तिच्यात कातडी विरघळवणारं आम्ल असतं. त्यांना काही जाणवलं नाही. मुलीला मोज्यावर डाग दिसला तेव्हा जखम खोल गेली होती. ड्रेसिंगमध्ये दोन महिने गेले, बोट वाचलं. मधुमेहात कुरूप ब्लेडने कापायचं नाही, पट्टी लावायची नाही, पायाला गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, घरातही अनवाणी चालायचं नाही.

तुमच्या घरात मधुमेह असलेलं कुणी असेल तर आज झोपण्याआधी त्यांना मोजे काढायला सांगा आणि चांगल्या उजेडात तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या बघा. त्यांना एकट्याला बघायचं असेल आणि वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. फोड, भेग, काळा-निळा डाग किंवा ओलसर जागा दिसली, तर ती दुखत नसली तरी उद्या सकाळी डॉक्टरांकडे घेऊन जा.